उघाडीवरचं पत्र

फार पूर्वी एका खाडीच्या काठाला एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं आणि दोघांच्या मधे मातीचा लांबलचक बांध. बांधात एके ठिकाणी लाकडी दार होतं, त्याला गावात उघाडी म्हणत. ओहोटी लागली की दार उघडायचं, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत उतरायचं. भरती आली की दार लावायचं, म्हणजे खाडी शेतात शिरायची नाही. काम म्हटलं तर एवढंच. पण ते एक दिवस चुकलं तर शेतात मीठ बसे, आणि मीठ बसलेल्या शेतात तीन वर्षं भाताची काडी उगवत नसे.

हे दार राखायचं काम येसूबाईकडे होतं. नवरा वारला तेव्हा ते तिच्याकडे आलं, आणि दाराला लागून असलेला शेताचा एक तुकडाही आला. तिच्या घरात वर्षभर जे शिजे ते त्या तुकड्यातलं.

दाराला दर काही वर्षांनी सागवानी फळ्या लागत. त्या खाडीपलीकडच्या बंदरात, वखारीतून मिळत. वखारीवर सातासमुद्रापलीकडून आलेला एक साहेब बसे. त्याला इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. पूर्वी एक दुभाषी होता, तो म्हातारा होऊन आपल्या गावी निघून गेला. मग लोक साहेबासमोर हातवारे करू लागले. एका गावानं हातवारे करून फळ्या मागितल्या तर त्यांना शिडी मिळाली. साहेबही वैतागला. त्यानं वखारीच्या दारावर पाटी लावली की ज्याला जे हवं असेल त्यानं ते इंग्रजीत लिहून आणावं, तोंडी काही ऐकलं जाणार नाही.

तेव्हा गावानं बैठक घेतली आणि इंग्रजीची शाळा काढायचं ठरवलं. शाळा मोठ्या माणसांचीच, कारण पत्रं मोठ्यांनाच लिहायची होती. शहरातून एक मास्तर आणले. शाळेची वेळ भरतीवर ठरे. ओहोटीला सगळा गाव चिखलात कालवं, तिसऱ्या असले शिंपले वेचायला जाई, भरती आली की हात रिकामे होत आणि वर्ग भरे. आज सकाळी, तर चार दिवसांनी दुपारी. मास्तरांना हे अंगवळणी पडायला पावसाळा गेला.

मास्तर मनाचे चांगले होते, आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. ते त्यांनी एका म्हाताऱ्या कारकुनाच्या हाताखाली सात वर्षं कित्ता गिरवून कमावलं होतं. तोच कित्ता त्यांनी इथल्या भिंतीवर टांगला. त्यावर इंग्रजीतलं सहा ओळींचं एक पत्र होतं. त्याचा अर्थ असा: माननीय महाराज, ईश्वरकृपेने आम्ही सर्व खुशाल आहोत. हवामान उत्तम आहे. पीक जोमात आहे. आपली कृपा थोर आहे. आपलेही क्षेम असावे. आपले आज्ञाधारक सेवक.

हे पत्र सगळ्यांनी रोज गिरवायचं. आधी कोरड्या बोरूनं, मग शाईनं. मास्तर रांगांमधून फिरत, अक्षराची वेलांटी कुठे ढळली, रेघ कुठे कलली ते पाहत, आणि चुकलं की सौम्यपणे म्हणत, "पुन्हा."

वर्ष सरता सरता वीस माणसांची अक्षरं एकसारखी झाली. पाटलांचा धाकटा भाऊ हिराजी तर असा लिही की मास्तरांचं कुठलं आणि त्याचं कुठलं, हे मास्तरांनाही नीट पाहून सांगावं लागे. गावाला मोठा अभिमान वाटे. पाहुणा आला की आधी त्याला शाळेत नेत आणि मग जेवायला बसवत.

एक येसूबाई तेवढी या रांगेत बसत नव्हती. भरती लागताना तिला दारापाशी थांबावंच लागे. दार नीट बसलं, फटी बुजल्या, हे पाहून ती यायची तोवर कित्ता गिरवून झालेला असे आणि लोक बोरू धूत असत. ती पदराला हात पुसत दारात उभी राहायची आणि भलतंच काहीतरी विचारायची.

"मास्तर, दाराला काय म्हनतात हो त्यांच्यात?"

"डोअर. पण येसूबाई, तुम्ही आधी कित्ता घ्या."

"घेते की. आनि पानी?"

"वॉटर."

"पानी येतं, त्यातल्या येतंला काय?"

मास्तर कपाळाला हात लावत, पण सांगत. सांगितल्याशिवाय ती जायची नाही हे त्यांना ठाऊक होतं. "लिहून पन द्या," असं म्हणून ती फरशीचा एक तुकडा पुढे करायची, आणि ते खडूनं शब्द लिहून द्यायचे.

ते शब्द ती कुठे नेते हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. नेत होती ती उघाडीवर. दारावर ती खडूनं दार लिही, दगडी भिंतीवर पाणी लिही, बांधाच्या अंगाला भात लिही. भरती आली की खालचे शब्द पुसून जात. ओहोटीला ती ते पुन्हा लिही, समोर काही न ठेवता, आठवून. कधी चुके, कधी एखादं अक्षर उलटं पडे. दिवसातून दोनदा खाडी तिची पाटी कोरी करी आणि दोनदा ती भरून काढी.

भाद्रपदातल्या पौर्णिमेनंतरच्या सकाळी येसूबाई धावतपळत पाटलांच्या दारी आली. उघाडीची मधली फळी वरपासून खालपर्यंत चिरली होती. पाटलांनी जाऊन पाहिलं आणि बोटांवर दिवस मोजले. पंधरा दिवसांनी अमावास्या होती, आणि त्या अमावास्येचं उधाण वर्षातलं सगळ्यात मोठं. आता आठवडाभर रोजची भरती उतरत जाणार होती म्हणून चिंध्या आणि चिखल भरून भागलं असतं. पण त्या उधाणापुढे चिरकी फळी टिकणार नव्हती, आणि शेतात भात पोटरीला आला होता.

"मास्तर," पाटील म्हणाले, "याच्यासाठीच आपन शाळा काढली. लिवा पत्र."

मास्तरांनी बोरू उचलला नाही. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड नाही. इंग्रजी वाचून त्यांना अर्थ लागत असे, पण आपल्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत लिहायची वेळ त्यांच्यावर जन्मात आली नव्हती. सात वर्षं त्यांनी दुसऱ्याची ओळ उतरवली होती, आणि पुढे तीच उतरवायला शिकवलं होतं.

"हिराजी लिहील," ते म्हणाले. "शाळेचं पहिलं पत्र विद्यार्थ्याच्या हातचं जाऊ दे."

लोकांना हे फार आवडलं. हिराजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसला. त्यानं जे पत्र त्याला येत होतं ते लिहिलं. मास्तरांनी कागद उजेडात धरून पाहिला, नेहमी पाहत तसाच. रेघा सरळ, वेलांट्या सारख्या, शाईचा एक डाग नाही. काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटलं, पण ते कोणत्या शब्दांत घालायचं हे सुचेना. इतकं सुंदर पत्र पाहून साहेब स्वतःच विचारील काय हवं ते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि कागदाची घडी केली.

सहाव्या दिवशी होडीतून उत्तर आलं. सोबत कोऱ्या कागदांचा एक गठ्ठाही होता. सगळा गाव देवळापुढे जमला. मास्तरांनी पत्र उघडलं आणि मनातल्या मनात वाचलं. साहेबानं लिहिलं होतं की तुम्ही सर्व खुशाल आहात, पीक जोमात आहे, हे वाचून आनंद झाला. असं देखणं अक्षर मी माझ्या देशातही फार थोडं पाहिलं आहे, म्हणून हे कागद भेट पाठवतो. तुमच्याकडे सगळं ठीक असल्यानं यंदा तुमच्या गावाला लाकूड नको, अशी नोंद केली आहे.

"काय म्हनतो सायब?" पाटलांनी विचारलं.

मास्तरांनी मान वर केली. समोर वीस विद्यार्थी, त्यांची बायकामुलं, सगळे तोंडाकडे बघत होते.

"साहेब खूश आहेत," ते म्हणाले. "अक्षराचं कौतुक केलंय. कागद भेट पाठवलेत."

लोकांनी हिराजीला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मागून येसूबाईचा आवाज आला, "आनि फळ्या कंदी?"

"कळवतील," मास्तर म्हणाले, आणि जेवायचं निमित्त करून घरी गेले. जेवले मात्र नाहीत. खोटा शब्द ते एकच बोलले होते, पण तो त्यांना पुरेपूर लागला.

दुसऱ्या दिवशी भरती लागायच्या आधीच येसूबाई शाळेत हजर झाली. तशी ती कधीच आली नव्हती. "दारावर जावेला बसवलंय," ती म्हणाली आणि तिनं घडी घातलेला कागद पुढे केला. कालच्या गठ्ठ्यातलाच होता.

"मी पन लिवलंय पत्र. सायब कंदी कळवनार त्याची वाट बघून भात थांबनार नाय. येवढं तपासून द्या."

मास्तरांनी कागद घेतला. अक्षरं लहानमोठी होती, ओळी बांधावरच्या पायवाटेसारख्या वर-खाली गेल्या होत्या, तीन ठिकाणी अक्षर उलटं पडलं होतं. शिष्टाचाराचा मायना नव्हता की शेवटी आज्ञाधारक सेवक नव्हते. मजकूर असा होता: डोअर ब्रेक. बिग वॉटर कम, नो मून डे. सॉल्ट इन राइस. राइस डाय. वुड गिव्ह, फोर. आय येसू, डोअर वुमन. खाली तिनं उघाडीचं चित्र काढलं होतं आणि मधल्या फळीवर चीर दाखवली होती.

मास्तरांनी कागद चटकन पालथा घातला. हे पत्र शाळेच्या नावानं गेलं तर? ज्या साहेबानं कालच अक्षराची तारीफ केली, त्याच्या हातात हे? "येसूबाई, यात एक ओळ धड नाही," ते म्हणाले. "बसा. मी नीट लिहून देतो."

त्यांनी कोरा कागद घेतला, बोरू शाईत बुडवला आणि लिहायला सुरुवात केली. हात सराईतपणे चालू लागला. दोन ओळी झाल्या आणि त्यांनी वाचून पाहिलं. माननीय महाराज, ईश्वरकृपेने आम्ही सर्व खुशाल आहोत.

त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि दुसरा घेतला. या वेळी बोरू कागदावर टेकवून ते बराच वेळ बसून राहिले. दार मोडलं आहे, एवढंच लिहायचं होतं. सगळे शब्द त्यांना येत होते, त्यांनीच तर ते येसूबाईला एकेक करून दिले होते. पण कागदावर शाईचा एक थेंब तेवढा पसरला.

येसूबाई बघत होती. तिला कळलं असावं.

मास्तरांनी बोरू खाली ठेवला. त्यांनी तिचं पत्र पुन्हा हातात घेतलं आणि या वेळी अक्षर न बघता वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळं कळलं. कुठे काय मोडलंय, काय येणार आहे, कधी येणार आहे, काय मरणार आहे, काय हवं आहे, किती हवं आहे आणि कोण मागतंय. त्यांच्या सहा ओळींत यातलं काहीच नव्हतं.

"येसूबाई," ते म्हणाले, "काल मी सगळं वाचून दाखवलं नाही. आपण खुशाल आहोत असं आपणच लिहिलं, म्हणून यंदा लाकूड नको अशी साहेबांनी नोंद केली आहे."

येसूबाईचा चेहरा उतरला. मग ती चिडली, आणि चिडायचा तिला हक्क होता. "मंग काल का नाय बोललात? एक दिवस गेला ना वो."

"लाज वाटली."

"लाजेनं बांध राहतो का?"

मास्तर उठले आणि तसेच देवळापुढे गेले. कालचं उत्तर त्यांनी पाटलांना आणि जमलेल्या लोकांना शब्दन् शब्द सांगितलं. आपल्याला स्वतःचं पत्र लिहिता येत नाही, हेही सांगितलं. हिराजी मान खाली घालून बसला होता. मास्तर त्याला म्हणाले, "तुझी चूक नाही. मी दिलं तेच तू लिहिलंस."

"येसूबाईचं पत्र सुधारून धाडा मंग," पाटील म्हणाले.

"नाही," मास्तर म्हणाले. "मी हात लावला तर ते बिघडेल. जसं आहे तसं जाईल, आणि मी स्वतः घेऊन जाईन."

त्याच भरतीला ते होडीत बसले, सोबत येसूबाई. वखारीत साहेबानं कागद हातात घेतला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. त्यानं कपाटातून पहिलं पत्र काढून शेजारी ठेवलं. एकदा त्याकडे पाहिलं, एकदा याकडे. मग त्यानं मास्तरांना विचारलं की ही दोन्ही एकाच शाळेतली का?

मास्तरांना नाही म्हणता आलं असतं. ही बाई वर्गात बसतच नाही, असं म्हटलं असतं तर ते खोटंही झालं नसतं. "येस," ते म्हणाले.

साहेबानं पुन्हा दुसरं पत्र वाचलं. चित्रातल्या चिरेवर बोट ठेवलं, भिंतीवरच्या पंचांगासारख्या तक्त्यात अमावास्या पाहिली, आणि वहीतली जुनी नोंद खोडून नवी केली. चार फळ्या लिहून दिल्या. पहिलं पत्र त्यानं कपाटात ठेवलं. येसूबाईचं मात्र मेजावर, हाताशी ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी फळ्या गावात आल्या. सुतारांनी दोन दिवस कंबरभर चिखलात उभं राहून दार जोडलं. अमावास्येला खाडी बांधाच्या माथ्यापर्यंत फुगली, सगळा गाव बांधावर उभा राहून बघत होता, आणि दार जागचं हललं नाही. भात वाचला.

सगळा मात्र वाचला नाही. फळ्या यायच्या आधीचे दोन दिवस भरती पुन्हा रोज वाढू लागली होती, आणि चिरेतून झिरपलेलं पाणी दाराला लागून असलेल्या तुकड्यात साचलं होतं. तो तुकडा येसूबाईचा. आठवड्यात तिथला भात पिवळा पडला, मग तांबूस, मग करपल्यासारखा झाला. पहिल्या पत्रानंच फळ्या आल्या असत्या तर तो वाचला असता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. गावानं आपल्या वाट्यातून तिला तीन वर्षं भात द्यायचं ठरवलं. ती नको म्हणाली नाही.

मास्तर शहरात परत जातील असं लोकांना वाटलं होतं. ते गेले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा कित्ता उतरवून कोपऱ्यात ठेवला. आता वर्ग भरला की ते आधी विचारत, "कोणाला काय सांगायचंय?" मग कोणी म्हणे जाळं फाटलंय, कोणी म्हणे मुलीला बरं नाही. ते आधी आपल्या बोलीत सांगायचं, मग येत असतील त्या इंग्रजी शब्दांत बोलायचं, मग लिहायचं, आणि शेजाऱ्यानं वाचून काय कळलं ते बोलून दाखवायचं. त्याला कळलं तर मग चुका बघायच्या. अक्षर सगळ्यांत शेवटी. हिराजीला या पद्धतीनं आपलं पहिलं वाक्य लिहायला महिना लागला. मास्तरांना त्याहून जास्त.

एका भरतीला येसूबाई नेहमीसारखी उशिरा आली, तेव्हा मास्तरांनी तिच्या हातात एक कागद दिला. तिनं तो दारातच उभं राहून, बोट फिरवत, हळूहळू वाचला. तीन ओळी होत्या. येसू राइस डाय. माय फॉल्ट. आय सॉरी, एव्हरी डे.

येसूबाईनं कागद दोनदा वाचला. त्यावर खाडाखोड होती, एक डाग होता आणि दुसरी ओळ खाली घसरली होती. तिनं त्याची घडी करून कमरेला खोचली.

"कळलं," ती म्हणाली. मग वर्गात शिरता शिरता मागे वळून म्हणाली, "पन मास्तर, अक्षर लय बिघडलंय तुमचं."

तात्पर्य: दुसऱ्याची ओळ सुंदर उतरवणं म्हणजे लिहिता येणं नव्हे. शिकणाऱ्याला आधी त्याचं स्वतःचं म्हणणं त्याच्या मोडक्यातोडक्या शब्दांत मांडू द्यावं. चुका मागून सुधारता येतात, न सांगितलेली गोष्ट मात्र कोणालाच वाचता येत नाही.